पाठमोरी

"हात आणखी लांब टाक," विशे सर म्हणाले, आणि गोजरनं तो टाकायच्या आतच त्यांनी पायाच्या अंगठ्यानं तिचं मनगट फरशीवरून वीतभर पुढे सरकवलं.

गोजर मधल्या खोलीत पालथी पडली होती. केस एका बाजूला पसरलेले, गाल थंड फरशीला टेकलेला, एक पाय उंबऱ्याबाहेर. चुलीवर डाळ होती आणि ती आता उतू जाणार हे तिला वासावरून कळत होतं. पण मध्येच उठलं की सरांचं सगळं पहिल्यापासून सुरू व्हायचं, म्हणून तिनं पडल्या पडल्याच सासूला हाक मारली. बाईजा आली, सुनेला पाय लागू न देता पलीकडे गेली, डाळ उतरवली, आणि परत जाताना जरा थांबून म्हणाली की गळा दाबलेल्याची मान याहून वाकडी होते. सरांनाही ते पटलं. त्यांनी खाली बसून गोजरची मान आणखी वळवली आणि पुन्हा पेन्सिल उचलली.

विशे सर मुरबाड तालुक्यातल्या एका गावच्या हायस्कुलात चित्रकला शिकवत. पण पंचक्रोशीत त्यांचं नाव होतं ते फौजदार धुमाळांमुळे. मुंबईतला एक प्रकाशक दर दोन महिन्यांनी फौजदार धुमाळांची एक चित्रकथा काढायचा. गोष्ट तो पाठवायचा आणि चित्रं सर काढायचे. मुरबाडच्या नि शहापूरच्या एस्टी स्टँडवर ही पुस्तकं दोरीला चिमट्यांनी लटकलेली असत. प्रत्येक गोष्टीत एक तरी बाई मरे, आणि ती बाई कशी पडली हे सरांना मनानं काढता येत नसे. त्यासाठी रविवारी जेवणाआधी त्यांच्या बायकोला, गोजरला, मरावं लागे.

आठ वर्षांत ती बऱ्याच परींनी मेली होती. तिला विष घातलं होतं, सुरा मारला होता, तानसाच्या पाण्यात बुडवलं होतं. सिद्धगडाच्या कड्यावरून ढकललं तेव्हा ती अंगणातल्या पेंढ्यावर हातपाय फाकून पडली होती आणि अर्धी आळी बघायला जमली होती. चित्रातल्या बायकांचे चेहरे निरनिराळे असायचे, पण हात गोजरचे, पाय गोजरचे, जोडवीसुद्धा तिचीच. गावाला ते ठाऊक होतं आणि गावाला त्याचं कौतुक होतं. नदीवर धुणं धुताना शेजारची सकुबाई विचारायची की या टायमाला कशानं गेलीस गो, आणि गोजर सांगायची. बाईजा प्रत्येक पुस्तक गोधड्यांच्या घडीत जपून ठेवायची आणि पाहुणे आले की काढून दाखवायची. शाळा समितीचे अध्यक्ष धाऊ पाटील तर अंक हातात पडला की आधी खुनाचं पान उघडायचे. एकदा त्यांनी सरांना स्वतः सुचवलं होतं की भाताच्या गिरणीचा पट्टा अजून कुठल्या गोष्टीत वापरलेला नाही.

गोजरला या सगळ्याचा त्रास वाटत नव्हता. उलट आवडायचं. आठवड्यातला तो एक तास सर तिच्याकडे बघायचे. एरवी ते ताटाकडे बघत, वर्तमानपत्राकडे बघत, शाळेच्या घंटेकडे कान लावून असत.

सत्त्याण्णव सालच्या दिवाळीनंतर सर मुंबईला चित्रं देऊन आले ते जरा अवघडलेले. जेवताना, मान वर न करता, त्यांनी सांगितलं की घरोघरी केबल आल्यापासून पुस्तकांचा खप घसरलाय, नुसत्या खुनावर आता भागत नाही, आणि पुढच्या गोष्टीत एक पान प्रेमाचं घालायला प्रकाशकानं सांगितलंय. बाईजानं विचारलं, प्रेमाचं म्हणजे कसलं. सर म्हणाले, असंच, साधंच. गोजरनं त्यांच्या ताटात भात वाढला.

त्या शनिवारी तिनं शिकेकाईनं न्हाऊन घेतलं. रविवारी सकाळी लवकर स्वयंपाक आटपला, पाटल्या घासून लख्ख केल्या, आणि सासूला सुचवलं की बऱ्याच दिवसांत धाकट्या जाऊबाईंकडे गेला नाहीत. बाईजा गेली. गोजर मधल्या खोलीत लसूण सोलत बसली. आत सर पॅडवर वाकून बसले होते आणि पेन्सिलीचा आवाज येत होता. लसूण संपला तरी त्यांनी हाक मारली नाही. पुढच्या रविवारीही नाही. तिला वाटलं, लाजत असतील. पंधरा वर्षांच्या संसारात माणसाला बायकोला असं बस म्हणून सांगणं जड जात असेल. तिसऱ्या रविवारी तिनं आपणहून विचारलं की बसायचंय का. सर म्हणाले, नको, झालं ते. आणि चित्रं कागदात गुंडाळून त्यांनी दोरा बांधला.

पुस्तक आलं ते सरांच्या आधी गोजरनं पोस्टमनकडून घेतलं. ओट्यावर बसून तिनं पानं उलटली. तेविसाव्या पानावर प्रेम होतं.

पानभर एकच चित्र होतं. खिडकीशी एक बाई पाठमोरी बसलेली. मान खाली, केस वर बांधलेले, पदर खांद्यावरून उतरलेला, आणि एक पुरुष तिच्या मानेवर ओठ टेकतोय. पुरुष नेहमीचाच होता, घाईनं उरकलेला. पण बाईच्या मानेवरचा एकेक केस सरांनी वेगळा काढला होता. खांद्यावरचं ऊनही काढलं होतं. आठ वर्षांत सरांनी इतकं सुंदर काही काढल्याचं गोजरला आठवेना.

मग तिला हात दिसला. त्या बाईनं आपला उजवा कोपर पाठीमागून डाव्या हातात धरला होता.

विशे सरांचं घर शाळेच्या मैदानाला लागूनच होतं. रोज पावणेअकराला प्रार्थनेच्या वेळी गोजर ओट्यावर तांदूळ निवडायला बसे आणि मास्तरांची रांग तिला पाठीमागून दिसे. त्या रांगेच्या टोकाला नम्रता देसले उभी असायची. मराठी शिकवणारी, शहापूरकडची, किन्हवलीची. चौतीस-पस्तीसची असेल. दोन भावांची शिक्षणं करता करता लग्नाचं राहून गेलं असं म्हणत. पोस्टाच्या मागच्या खोलीत एकटी भाड्यानं राहायची. प्रार्थना संपेपर्यंत ती आपला उजवा कोपर पाठीमागून डाव्या हातात धरून उभी असे. चार वर्षं गोजर ते रोज बघत आली होती.

गोजरनं पुस्तक मिटलं. सूप उचललं. मग पुन्हा उघडून बघितलं.

त्यानंतरचे पंधरा दिवस तिनं नवऱ्यावर नजर ठेवली. विसरलेला डबा द्यायच्या निमित्तानं दोनदा शाळेत गेली. मास्तरांच्या खोलीत देसले बाई एका टोकाला वह्या तपासत होत्या आणि सर दुसऱ्या टोकाला खडू मोजत होते. दोघांमध्ये चार टेबलं होती. बाईंनी तिच्याकडे बघून हसून मान हलवली. गोजरनं सरांची पिशवी उलटी करून बघितली, खिसे बघितले, पॅडची जुनी पानं बघितली. त्यांत तिचीच मढी होती. एखादी चिठ्ठी सापडली असती तर भांडता तरी आलं असतं.

शेवटी एका दुपारी, बाईजा झोपलेली असताना, तिनं पुस्तक उघडून त्यांच्यापुढे ठेवलं.

"ती कुठं बसली होती?"

सरांनी पानाकडे बघितलं. कोण, असं त्यांनी विचारलं नाही.

"बसली नव्हती."

"मग?"

"आठवून काढलं."

गोजर खाली बसली. "मला झोपवल्याबिगर तुमाला माझा हात काढता येत नाय," ती म्हणाली. "आठ वर्षं झोपवताव. एकदा तरी आठवून काढलाव?"

सरांनी पुस्तक मिटलं. मग ते म्हणाले की बाईंना यातलं काही ठाऊक नाही, आपण त्यांच्याशी कधी कामापलीकडे बोललो नाही आणि बोलणारही नाही. ते खरं बोलत होते हे गोजरला कळत होतं. खोटं असतं तर सोपं गेलं असतं. ती बाई खरंच येऊन बसली असती, घरात भांडण झालं असतं, चारचौघांत बोभाटा झाला असता, आणि कधीतरी ते मिटलंही असतं. पण नुसत्या आठवणीत बसलेल्या बाईला उठवायचं कसं, हे तिला सुचेना. त्या रविवारी तिनं मरायला नकार दिला. डोकं दुखतंय म्हणाली.

गावात बभ्रा झाला तो महिनाभरानं. धाऊ पाटलांची सून माहेराहून येताना मुरबाड स्टँडवर थांबली होती. तिथं चार कॉलेजची पोरं ते पान उघडून हसत होती. सासऱ्यांनी नव्या अंकाचं फक्त खुनाचं पान बघितलं होतं. सुनेनं सांगितल्यावर त्यांनी तेविसावं पान काढलं, चष्मा लावून बराच वेळ बघितलं, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन शनिवारी समितीची सभा लावायला सांगितलं. आपल्या मुली ज्या मास्तरापुढे बसतात तो मास्तर असली चित्रं काढतो, हे त्यांना चालणार नव्हतं. त्याच अंकात सतराव्या पानावर एका बाईचा गळा तारेनं आवळलेला होता. त्याबद्दल कोणी काही म्हणालं नाही.

दोन दिवसांत बोलणं दुसरीकडेच वळलं. सर बाईमाणूस बसवल्याशिवाय काढत नाहीत, हे सगळ्या गावाला माहीत होतं. मग या चित्राला कोण बसलं? बायको बसली असेल तर यानं बायकोला बाजारात मांडली. आणि बायको नसेल तर? शाळेत बाया दोनच. एक रिटायर व्हायला आलेली. दुसरी एकटी राहणारी. कोपराचा तो हात कोणाच्याच ध्यानात आला नव्हता. बाईचं लग्न झालेलं नाही, एवढं लोकांना पुरलं. गुरुवारपासून देसले बाई प्रार्थनेला येईनाशा झाल्या. त्यांची नोकरी अजून कायम झालेली नव्हती. समितीनं ठरवलं तर एका कागदावर ती संपत होती.

शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर हेडमास्तर हरडसरांच्या खोलीत सभा बसली. गोजरलाही बोलावणं आलं. सांगायला आलेल्या शिपायानं, काही विशेष नाही, एवढंच विचारायचंय, असं दोनदा म्हटलं. जाताना सकुबाईनं तिला दारात अडवून दंड धरला. घाबरू नको, ती म्हणाली. जे हाय ते सांगून टाक, त्या बाईला कशाला पाठीशी घालतीस.

खोलीत पाच माणसं खुर्च्यांवर होती. विशे सर कडेला उभे होते, खाली बघत. देसले बाई खिडकीपाशी भिंतीला खांदा टेकून उभ्या होत्या. टेबलावर पुस्तक पालथं घातलेलं होतं.

हरडसरांनी खूप वळसे घेतले. संसार, शाळेची अब्रू, मुलींची वयं, हे सगळं झाल्यावर त्यांनी विचारलं की वहिनी, यातलं तुम्हाला काही ठाऊक असेल तर सांगा, तुमच्यावर कोणाचा रोष नाही.

सरळ नाही म्हणायचं, हे गोजरनं घरून ठरवून आणलं होतं. मी ती नव्हे. एवढ्यानं काम झालं असतं. पुढचं त्या पाच माणसांनी केलं असतं, आणि सोमवारपासून रांगेच्या टोकाची जागा रिकामी राहिली असती. तिनं खिडकीकडे बघितलं. बाईंनी पाठीमागे हात नेऊन कोपर धरला होता. नवरा मात्र तिकडे बघत नव्हता. न बघण्यासाठी त्याला किती जोर लावावा लागतोय, हे एकट्या गोजरला दिसत होतं.

आणि तिच्या ध्यानात आलं की बाई किन्हवलीला गेली तरी चित्र मागं राहणार. मी नव्हे म्हटलं, की ती देसले बाई ठरणार. आज ते सरांना नि आपल्याला, दोघांनाच ठाऊक होतं. उद्या साऱ्या गावाला ठाऊक होणार. स्टँडवर, नदीवर, लग्नाच्या मांडवात लोक म्हणत राहणार की विशे सरांनी देसले बाईला काढली होती, आणि काय काढली होती. आपण आपल्या तोंडानं ते पान तिच्या नावावर करून देणार.

"मीच ती," गोजर म्हणाली.

खुर्च्या करकरल्या. कोणीतरी खोकलं. धाऊ पाटील पहिल्यांदा तिच्याकडे बघून बोलले, आवाज चढवून नव्हे, समजावणीच्या सुरात. घरातल्या गोष्टी घरात असाव्यात, वहिनी. तुम्हाला शोभतं का हे.

"आठ वर्षं तुमी मला मेलेली बघताव, भाऊ," गोजर म्हणाली. "गळा दाबला, बुडवली, कड्यावरनं लोटली. गिरणीचा पट्टा तर तुमीच सांगितला होताव. तवा कोणी मीटिंग नाय बोलावली."

"ते येगळं. ते खोटं असतं."

"आन हे?"

पाटलांनी पुस्तक आणखी जरा लांब सारलं. नवरा-बायकोमधल्या गोष्टीवर पुढं काय विचारायचं हे कोणालाच सुचलं नाही. कागदावर लिहिलं गेलं ते असं: विशे सरांनी यापुढे प्रेमाचं पान काढू नये. गुन्हेगारीच्या चित्रांना समितीची हरकत नाही, कारण शेवटी गुन्हेगार पकडला जातो आणि त्यातून मुलांना बोध मिळतो. सरांनी सही केली. देसले बाईंचं नाव कागदात कुठंच आलं नाही.

घरी बाईजाला आधीच कळलं होतं. गोधड्यांच्या घडीतून काढलेली सगळी पुस्तकं तिनं ओसरीत आणून टाकली होती.

"मेलेली होतीस तवा बरी होतीस," ती म्हणाली, आणि त्यानंतर चार दिवस सुनेशी बोलली नाही.

नदीवर गोजर गेली की सकुबाईचं धुणं लगेच आटपू लागलं. किराण्याच्या दुकानात पुडी बांधता बांधता माणसं तिच्या मानेकडे बघत. गोजर डोक्यावरचा पदर पुढं ओढून घेई, आणि दुकानाबाहेर आली की तो आपोआप मागं सरके. तिला शरम वाटत होती, नाही असं नाही. पण शरमेच्या जोडीला आणखीही काही वाटत होतं, आणि ते कोणाला सांगण्यासारखं नव्हतं.

सर आठवडाभर घरात पाहुण्यासारखे वावरले. मग एका रविवारी पॅड घेऊन दाराशी उभे राहिले आणि म्हणाले की तुझी इच्छा असेल तर तुझं काढतो. तसं. छापायला नाही, घरात ठेवायला.

"कशाला?" गोजर म्हणाली. "निघालंय ना एकदा."

ते पॅड घेऊन परत गेले.

शिमग्याच्या आधल्या आठवड्यात, दुपारी, देसले बाई आल्या. त्यांनी किन्हवलीहून आलेली वालाची पिशवी पुढं केली. भावानं पाठवलेत, म्हणाल्या. बाईजा शेतावर होती, सर शाळेत. गोजरनं चटई घातली आणि चहा टाकला. बाईंनी इकडचं तिकडचं विचारलं, उन्हाचं, विहिरीच्या पाण्याचं. चहा होऊन गेला तरी त्या उठेनात. मग त्यांनी सांगितलं की त्या गुरुवारपासून शनिवारपर्यंत आपण जेवलोच नव्हतो. घरी काय तोंड दाखवायचं, एवढंच डोक्यात होतं. तुम्ही बोलला नसता तर मला जावं लागलं असतं. हे त्यांनी इतक्या सरळपणे सांगितलं की गोजरला त्यांच्याकडे बघवेना. तिनं कप उचलले.

"आणखी एक बोलू का वहिनी? राग नका मानू."

"बोला."

"सभा झाल्यावर मी ते पान बघितलं. आधी बघितलं नव्हतं, उगाच कशाला म्हणून." बाई चटईच्या काडीशी चाळा करत होत्या. "लोक काय वाटेल ते म्हणोत. पण माणूस एखाद्या बाईकडे इतकं निरखून बघतं, हे मला ठाऊकच नव्हतं. मला तुमचा हेवा वाटला, खरं सांगते."

गोजर कप हातात धरून उभी राहिली. बाईंची मान खाली होती. केस वर बांधलेले, मानेवर दोन बटा सुटलेल्या. सरांनी त्यासुद्धा काढल्या होत्या. आपली मान पाठीमागून कशी दिसते हे या बाईला कोणी सांगितलं नव्हतं, आणि सांगू शकेल असं माणूस आत्ता या घरात एकच होतं. एका वाक्याचं काम होतं. बाई लाजली असती, कदाचित रडली असती, आणि परत जाताना ते वाक्य घेऊन गेली असती जन्मभरासाठी.

"तुम्हाला संकोच नाही वाटला, असं बसायला?" बाईंनी विचारलं.

गोजरनं कप मोरीत ठेवले आणि चटईवर त्यांच्यासमोर येऊन बसली.

"पयल्यांदा वाटला," ती म्हणाली. "मग नाय. त्या खिडकीशी बसवलं होतं मला. म्हणाले, मान खाली घाल, हलू नको. ऊन येत होतं अंगावर. मी म्हटलं, पाठ भाजते, तर म्हणाले, थोडा टाइम थांब, ऊनच पायजे मला." ती खिडकीकडे बघत होती, आणि बाईही तिच्याबरोबर तिकडे बघत होत्या. "दोनदा पाणी आणून दिलं त्यांनी. एकदा केस बाजूला केले मानेवरनं. हातानं. बोलत काय नव्हते, नुसते बघत होते."

"किती वेळ बसला होतात?"

"दिवस मावळेपर्यंत," गोजर म्हणाली.